साहेबांचा अंगठा

ओढ्यावरचा साकव कोसळला आणि शाळेत निघालेल्या दोन मुली हातपाय मोडून दवाखान्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष विश्वंभर काटकर पत्रकारांना म्हणाले, “साकव धोक्याचा आहे, हे मला कोणी कळवलंच नाही. सहीचा एक तरी कागद दाखवा.”

मुलींची नावंसुद्धा त्यांनी विचारली नव्हती. वार्ताहर मृदुला सोनटक्केच्या डोक्यात तिडीक गेली.

“कागद नाही, साहेब. पण वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यापूर्वीच तडा गेलेल्या साकवाचा फोटो आलाय. ‘पोरं इथूनच शाळेत जातात,’ असं खाली लिहिलंय.”

“मोबाईलवरचं काहीही छापता तुम्ही लोक. असले फोटो कोणीही बनवतं.”

“म्हणूनच फोटो काढणाऱ्या बाईंना भेटले. तीन घरांतल्या फोनवर तोच मेसेज पाहिला. तिन्हीकडे त्याखाली तुमचा अंगठा आहे.”

काटकर हसले. “अंगठे दिवसाला शंभर देतो मी. ती काय सही झाली?”

“ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा अंगठा घेऊन तुमची नगरपालिका घरं रिकामी करून घेते, साहेब,” मृदुला म्हणाली. “तुम्हाला तर वाचता येतं.”