झोपून उठलेला राजपुत्र

आमच्या शेजारची हेमांगी जपानी कार्टूनची चित्रं काढते. कंपनी इथलीच, पुण्यातली, पण राबवून घ्यायची रीत तिकडची. मध्ये महिनाभर पोरीला सुट्टी नाही की धड झोप नाही. मी तिच्या आईला रोज विचारायचे, "आली का हो पोरगी?"

एकदा मालक खटावकर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "राजपुत्र गाढ झोपून उठलाय आणि तू त्याला आजारी काढलंस? चेहरा टवटवीत हवा!"

हे चित्रकार टेबलावर आरसा ठेवतात आणि स्वतःचाच चेहरा बघून भाव रेखाटतात. हेमांगीने तो आरसा पुढे केला. "सर, यात दिसतं तेच कागदावर उतरतं."

"मग दुसऱ्या कुणाचा बघ!"

"इथे टवटवीत चेहरा एकट्या तुमचाच आहे. बसा समोर. चित्रं संपेपर्यंत उठायचं मात्र नाही हं."

मालक ऐटीत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे तारवटले, मान कलंडली. हेमांगीने पेन्सिल खाली ठेवली.

"सर, आता तुमचाही चेहरा चालायचा नाही."

सगळे हसले. ओशाळलेल्या मालकांनी तिथेच सगळ्यांना रविवारची सुट्टी जाहीर केली.

हल्ली रविवारी दहा वाजले तरी तिच्या खिडकीचा पडदा बंद असतो. मी मुद्दाम बघते ना!