सरकारांच्या तोंडून न निघणारा पासवर्ड

'मी परदेशात अडकलोय. पाकीट चोरीला गेलं. ताबडतोब पैसे पाठवा!' भैयासाहेब जहागीरदारांच्या नावाने असा मेल सगळ्या गोतावळ्याला गेला. आणि भैयासाहेब कुठे? आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून थालीपीठ खात होते!

दिवसभर फोन खणखणत राहिला. दुपारी तर त्यांचे शाळेतले म्हातारे मास्तर काठी टेकत आले आणि पेन्शनीचे पैसे त्यांच्या हातात कोंबत म्हणाले, "बाळ, परत आलास? मी पाठवायलाच निघालो होतो रे!"

भैयासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तालुक्याहून कंप्युटरवाले पोतनीस आले. त्यांनी विचारलं, "सरकार, पासवर्ड कुणाला सांगितला होता का?"

"कुणाला नाही! फक्त कंपनीच्या माणसाला. त्याचा फोन आला, म्हणाला, कंप्युटरला रोग झालाय. फार अदबीनं बोलला हो! दर वाक्याला 'सरकार, सरकार'!"

आतून भैयासाहेबांच्या पत्नी कुमुदताई बाहेर आल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगू नका म्हणून!"

"तुला यातलं काय कळतं?" भैयासाहेब गरजले. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसलं वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं.

पोतनिसांनी नवा पासवर्ड दिला. त्यात आकडे, टिंबं, चांदण्या, सगळं होतं. भैयासाहेब तो चहा पिईपर्यंत विसरले. मग तो कागदावर लिहून कंप्युटरच्या पडद्यालाच चिकटवला. दूधवाल्याने येता-जाता तो मोठ्याने वाचून दाखवला!

मग मात्र भैयासाहेब खवळले. "मला असा पासवर्ड हवा, जो लिहावा लागणार नाही, मी विसरणार नाही, ओळखीच्या माणसाला सुचणार नाही, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी माझ्या तोंडून निघणार नाही! देईल त्याला मागेल ते बक्षीस. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर हा डबा विहिरीत!"

कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची लेक दूर कॅनडात बाळंतपणाला टेकली होती. रोज तिचा चेहरा दिसायचा तो याच पडद्यावर.

पोतनिसांनी हात वर केले. "सरकार, पहिलं सगळं जमेल. पण तुमच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?"

"मी लावते!" पायरीवरून आवाज आला. माळीकाकांची लेक केशर कुंड्यांना पाणी घालत सगळं ऐकत होती.

"तू?"

"हो सरकार. कान इकडे करा."

केशर कानात काहीतरी कुजबुजली. भैयासाहेब कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "हे? हे मी म्हणू?"

"म्हणायचं कुठंय? नुसतं टाइप करायचं!"

भैयासाहेबांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि एकेक अक्षर दाबून टाइप केलं. मग मिशीला पीळ देत म्हणाले, "ओळखा आता!"

त्यांचे धाकटे बंधू नानासाहेब पुढे सरसावले. त्यांनी घोड्याचं नाव टाकलं. चूक! कुत्र्याचं टाकलं. चूक! पोतनिसांनी जन्मतारीख उलटी-सुलटी करून पाहिली. चूक! कुमुदताईंनी तर नवऱ्याच्या आवडीच्या पक्वान्नांपासून आवडीच्या शिव्यांपर्यंत सगळं टाकून पाहिलं. पडदा काही उघडेना.

"तीन अटी झाल्या," नानासाहेब म्हणाले. "चौथीचं काय? दादांच्या पोटात काही राहत नाही!"

"तो चोर पुन्हा फोन करील," केशर म्हणाली. "एकदा गोड लागलंय त्याला."

आणि चहाचे कप उचलले जायच्या आतच फोन वाजला!

"नमस्कार सरकार! कंपनीतून बोलतोय. आपल्यासारख्या थोर माणसाचा पैसा कुणी भामटा पळवतोय! आता, या घडीला! नवा पासवर्ड सांगा, लगेच थांबवतो!"

भैयासाहेबांना घाम फुटला. पैसा चाललाय म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. "थांबा, सांगतो!" ते ओरडले आणि त्यांनी तोंड उघडलं. समोर कुमुदताई उभ्या होत्या. तोंड मिटलं.

"बोला सरकार!"

पुन्हा तोंड उघडलं. घशातून नुसता 'कु... कु...' असा आवाज निघाला. नानासाहेबांना वाटलं, दादांना उचकी लागली!

"लवकर, सरकार! नाहीतर सगळं जाईल!"

"गेलं तर जाऊ दे!" भैयासाहेब कडाडले. "पण हे मी कुणापुढे बोलणार नाही! चालता हो, भामट्या!" आणि त्यांनी फोन आपटला.

मग भैयासाहेबांच्या लक्षात आलं, आपण काय केलं! मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते खुर्चीत मागे रेलून गडगडाट करत हसू लागले. हसता हसता, डोळे पुसता पुसता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुमुद, तुझंच बरोबर होतं गं, माझंच चुकलं!"

कुमुदताई हातातला कप ठेवून पुढे आल्या. "काय म्हणालात?"

"सरकार!" केशरने कपाळावर हात मारला. "पासवर्ड फुटला की!"

आता तर पोतनीससुद्धा पोट धरून हसायला लागले. "गेली मेहनत! आता नवा कुठून आणायचा?"

"त्यात काय!" केशर म्हणाली. "सरकार कधीच बोलत नाहीत अशी वाक्यं पुष्कळ आहेत!"

भैयासाहेब पुन्हा हसत सुटले. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"मला एक कंप्युटर द्या, सरकार. आम्ही विकतो त्या रोपांचे फोटो त्यावर टाकीन, गिऱ्हाइकं घरी येतील."

"दिला!"

दुसऱ्याच दिवशी नवाकोरा कंप्युटर माळीकाकांच्या घरात आला. स्वतः भैयासाहेब पोचवायला गेले होते. "चल, पासवर्ड टाक, बघू तरी!" ते उत्सुकतेने पुढे वाकले.

केशरने पदराने कळफलक झाकला. "सरकार, आधी तिकडं तोंड करा!"

आणि जहागीरदारांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं.