विमानाखालची माणसं

“विमानाखाली काय काढू?” मी विचारलं.

“काही नाही,” कालिंदीताई म्हणाल्या. “पुस्तक विमानापासून सुरू होतं. आधीचं काढायचं नाही, खालचं काढायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

मिरजेच्या आमच्या शिशुगृहातून परदेशी दत्तक जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ताई हाताने रंगवलेलं चित्रपुस्तक देतात. बत्तीस वर्षं. आता त्यांची बोटं थरथरतात, म्हणून त्या सांगतात आणि मी रंगवते. पहिल्या पानावर विमान, खिडकीत हात हलवणारं मूल. मग ढग, नवं घर, नवे आई-बाबा, असलाच तर कुत्रा. मूल हसरं. नेहमी हसरंच.

हे पुस्तक गौतमीचं. वय पाच. गुरुवारी तिचे इटलीचे आई-बाबा तिला न्यायला येणार होते.

मंगळवारी आमचे विश्वस्त, सामंतवकील, पुस्तक बघायला आले. तेवढ्यात मुलं सांभाळणारी रझियामावशी गौतमीला कडेवर घेऊन आली. पाच वर्षांची घोडी, पण त्या आठवड्यात खाली उतरायलाच तयार नव्हती.

चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवून गौतमीने विचारलं, “ही मी?”

“हो, तूच,” मी म्हणाले.

“टाटा करतीय?”

“हो.”

तिने पान उलटून पाहिलं. मागे ढग.

“कुणाला?”

“चल गं, दूध गार होतंय,” म्हणत रझियामावशी तिला घेऊन गेली.

“ऐकलंत?” मी म्हणाले. “मी रझियामावशीला काढते. गौतमी दोन महिन्यांची होती तेव्हापासून तिनेच सांभाळलंय.”

“नको,” ताई म्हणाल्या.

“का?”

“का विचारायचं नाही, असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“मी.”

सामंतवकील चष्मा पुसू लागले. “अगं ऋजुता, तुझ्या वयापेक्षा ताईंचा अनुभव मोठा आहे. पोर मागचंच बघत बसलं तर तिकडे रुळणार कधी?”

“आणि मागे काही नव्हतंच म्हटलं की रुळतं? काय काका, विमानातच जन्मली का ती?”

“कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, उलट बोलायला?”

“नाही. तिथे माणसं काढायला शिकवतात.”

ताईंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

“काढ. बघू तरी.”

मी पेन्सिल घेतली. फाटक काढलं. फाटकाशी रझियामावशी, तिची ओढणी तोंडाशी. स्वयंपाकाच्या सखूबाई, हाताला पीठ तसंच. वॉचमन भोसलेमामा, टोपी काढून उभे. मधोमध ताई. सगळ्यांचा एकेक हात वर, टाटा करणारा.

दोघांनी वाकून पाहिलं.

“छान आहे,” सामंतवकील म्हणाले. “पण नियम तो नियम. हे बाजूला ठेव आणि उरलेली पानं रंगवून टाक. दोनच दिवस आहेत.”

“नाही रंगवणार.”

“म्हणजे?”

“हे पान नसेल तर पुस्तक नाही. गुरुवारी तिच्या हातात काय द्यायचं ते तुम्हीच द्या. आणि परत विचारलं तिने, कुणाला टाटा करू, तर तेही तुम्हीच सांगा.”

सामंतवकिलांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी कुणाकडेच पाहिलं नाही.

बाहेर सखूबाई कुणाला तरी जेवायला हाका मारत होत्या. मी ब्रश धुतले, पुसले, डब्यात ठेवले.

मग ताईंनी कागद जवळ ओढला. थरथरतं बोट एकेका माणसावरून फिरलं आणि मधोमध येऊन थांबलं. त्यांनी खोडरबर उचललं आणि माझ्या हातात ठेवलं.

“मला तेवढं खोडून टाक. निरोप द्यायला मी कधी फाटकापर्यंत गेलेच नाही.”