रणधीर पैलाडला गेला

"महाराज, मंजन परत आलं! बाराच्या बारा पोती. एक पुडी उठली नाही." येसबा गाडीवानानं दरबारात येऊन मुंडी खाली घातली.

रणधीरराजे ताडकन उभे राहिले. मंजन त्यांच्याच नावाचं होतं, 'रणधीर दंतमंजन'! राज्यात तर हुकूमच होता, की या मंजनाला कुणी 'ते' म्हणायचं नाही, 'तो' म्हणायचं. लोक बिचारे सकाळी काळ्या तोंडानं एकमेकांना विचारत, "काय गं, रणधीर संपला का?"

"का उठली नाही?" राजे गरजले.

"महाराज, नदीपलीकडच्या पैलाडच्या बोलीत रणधीर म्हणजे..." येसबा घुटमळला.

"बोल!"

"बोळकी म्हातारी."

दरबारात कुणाला तरी खोकला आला. मग दिवाणजींना आला. मग सगळ्यांनाच आला!

"दात घासायला बोळकी म्हातारी कोण घेणार, महाराज? तिथल्या बायका म्हणतात, ही तुमच्याकडेच ठेवा. ही म्हणतात! कुठून आली, कधी जाणार..."

"कोंडा याला! आठ दिवसांत पैलाडला माझं मंजन खपलं पाहिजे. माझ्या नावाला कुणी हात लावायचा नाही आणि त्याला कुणी हसायचंही नाही. तोवर हा आत!"

येसबाची बायको धोंडाबाई मंजनाच्या कारखान्यात पुड्या बांधायची. बातमी कानावर आली तशी हातातली पुडी सुटली आणि मंजन नाकातोंडात गेलं. शिंकत शिंकतच ती राजवाड्यावर पोचली.

"महाराज, मी जाते पैलाडला."

राजांनी पाहिलं. नाक काळं, ओठ काळे. "तू? दिवाणजींना सुचेना ते तुला सुचलं?"

"कुठलं सुचतंय, महाराज! माझं डोकं म्हणजे रिकामं मडकं. पण नवरा तुमच्याकडे अन् बैल माझ्याकडे. बैल सारखे त्यांची वाट बघतात आणि मला बघितलं की तोंड फिरवतात. काहीतरी करायलाच हवं."

आणि खरं सांगायचं तर, करायचं काय हे तिला काडीइतकंही ठाऊक नव्हतं. वाटभर ती स्वतःचीच खरडपट्टी काढत होती. 'धोंडे, तोंड उघडायची एवढी काय घाई होती गं? आता खपव बोळकी म्हातारी!' नदीकाठी गाडी सोडली तेव्हा तिला रडूच फुटलं. येसबाशिवाय घर खायला उठणार होतं. पण रडता रडता हात काही स्वस्थ बसेनात. उभ्या जन्मात पुड्या बांधण्यापलीकडे तिला काही आलं नव्हतं, म्हणून तिनं तेच केलं. सगळं मंजन कोऱ्या कागदात बांधलं आणि राजांच्या नावाचे कागद घड्या घालून जपून ठेवले.

पैलाडच्या बाजारात बायकांनी विचारलं, "याचं नाव काय?"

"नाव नाही अजून. तुमच्या गावात आलंय, तुम्हीच ठेवा की!"

झालं! बाजारात बारशाची गर्दी उसळली. एकीला एक नाव पसंत, दुसरीला दुसरं. दोन म्हाताऱ्या तर हातघाईवर आल्या. शेवटी एक नाव ठरलं आणि प्रत्येकीनं पुडी घरी नेली. आपण नाव ठेवलेलं लेकरू कुणी परत देतं होय?

सातव्या दिवशी धोंडाबाई दरबारात हजर झाली.

"खपलं?" राजांनी विचारलं.

"पोती झटकून आणलीत, महाराज."

"कुणी हसलं?"

"हसतात ना! पण आता दात दाखवायला हसतात."

"आणि माझं नाव?"

"हात लावला नाही. हे घ्या कागद, जसेच्या तसे."

राजांच्या कपाळाला आठी पडली. "मग तिकडे काय म्हणतात माझ्या मंजनाला?"

"झिमुली. त्यांच्या बोलीत झिमुली म्हणजे लेकराचा पहिला दात. झिमुली आणली, झिमुली संपली..."

"म्हणजे पुन्हा बाईच!"

"जिथं नांदायचं तिथलं नाव, महाराज. आता माझंच बघा. माहेरी मी चंद्रकला होते. लग्नात सासूनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तांदळाच्या ताटात लिहायला लावलं, धोंडाबाई! इतकं चपखल नाव माझ्या बापाला जन्मात सुचलं नसतं."

दरबार हसला. राजे हसले नाहीत. "ते बायकांचं झालं! परक्या घरानं ठेवलेलं नाव मिरवणारा पुरुष मी तरी पाहिला नाही. तू पाहिला असशील तर दाखव. नाहीतर नवऱ्याशेजारी जाऊन बस!"

 धोंडाबाईच्या डोळ्यांपुढे येसबाचा चेहरा आला आणि ती बोलून गेली, "दाखवते, महाराज. एक आरसा मागवा!"

दिवाणजींनी डोळे घट्ट मिटले. राजे दत्तक आहेत हे सगळ्या राज्याला ठाऊक होतं, पण दरबारात ते आजवर कुणी बोललं नव्हतं. धोंडाबाई बोलली.

"पाटलांच्या गोठ्यात वासरांमागं धावणारा गोप्या नवव्या वर्षी या गादीवर आला. रणधीर हे नाव त्याला या घरानं दिलं. नाव शोभलं, राज्य वाढलं. माझ्या पोराचं नाव का बदललं, म्हणून गोप्याची आई कधी भांडायला आली होती का?"

 राजांच्या मिशा थरथरल्या. आता काय होतं आणि काय नाही!

"गोप्या!" राजे पुटपुटले. "चाळीस वर्षांत कुणी ही हाक मारली नाही गं." आणि मग ते असे हसत सुटले की फेटा घरंगळला. "ज्या नावापायी मी अख्ख्या राज्याला 'तो' म्हणायला लावलं, ते माझ्या बापानंसुद्धा ठेवलं नव्हतं! मीच खरी बोळकी म्हातारी! सोडा रे येसबाला! आणि पैलाडचा सगळा व्यापार आजपासून या बाईच्या हाती. सनदेवर नाव काय घालू गं? चंद्रकला घालू?"

"नको, महाराज! धोंडाबाईच घाला," ती घाईघाईनं म्हणाली. "चंद्रकला म्हटलं, तर आमचे हे सुटल्या सुटल्या दुसरीच बाई शोधत बसतील!"

राजे पुन्हा इतके हसले, की दिवाणजींना पाणी मागवावं लागलं.