पाखरांचा वाटा

"पण आबा, तीन वर्षांत माझं एकही रोप का जगलं नाही?"

अच्युतनं हे चौथ्यांदा विचारलं. वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेला माणूस, पण आज उंबराखाली धाकूआबांसमोर उकिडवा बसला होता.

आबांच्या भावकीनं या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या कुमरी केली. उतारावरचं रान तोडायचं, जाळायचं, दोन वर्षं नाचणी घ्यायची आणि पुढच्या उताराला लागायचं. मागं रान आपलं आपण उभं राही.

या उतारावर मात्र अच्युतचा हात फिरला होता. 'झाडं लावतो, वाडीचा आटलेला झरा परत आणतो,' असा शब्द देऊन बसला होता बिचारा. वाडीच्या बायका अजून डोंगर उतरून पाणी आणत होत्या. त्या समोरून आल्या की त्याला तोंड लपवावंसं वाटे.

"जुनं खुंट काढलंस?" आबांनी विचारलं.

"मुळासकट. खड्डे सरळ ओळीत यायला हवेत ना! तुम्ही नव्हता काढत?"

"न्हाई. कमरंएवढं ठेवायचो."

"का?"

"वाकाय लागत न्हाई."

म्हातारा थट्टा करतोय की काय, हेच अच्युतला कळेना.

"आणि हा उंबर का सोडलात?"

"पाखरांचा वाटा. त्याला कोयता लावत न्हाईत."

"मग तुमचं रान परत लावायचं कोण?"

आबा उंबराच्या फांद्या न्याहाळू लागले.

खालून मजुरांनी हाक दिली, "अच्युतभाऊ, जाळी तोडायला घेऊ का?"

साऱ्या उजाड उतारावर हिरवं म्हणावं असं एवढंच उरलं होतं: हा उंबर आणि त्याच्याभोवती माजलेली करवंदीची काटेरी जाळी, जिच्यात गुरांचंही तोंड शिरत नसे. ती साफ करून आज चौथ्यांदा खड्डे घ्यायचे होते.

"सांगा ना, आबा. तोडू की नको?"

आबा वर बघत राहिले. वर फांदीवर बुलबुल बसला होता.

टप्‌कन अच्युतच्या पांढऱ्या शर्टावर, नेमकी खांद्यावर, बुलबुलाची शीट पडली.

"अरे देवा!" त्यानं रुमाल काढला.

आबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आबा, सोडा! घाण आहे ही."

आबांनी खांद्याजवळ डोळे नेले. त्या ओल्या डागात दोन काळ्या बिया होत्या...

"भाऊ, घेऊ का तोडायला?" खालून पुन्हा हाक आली.

अच्युत कधी खांद्याकडे बघे, कधी कोयत्यांकडे.

"पुसू नगंस," आबा म्हणाले. "जाळीत जाऊन झटक."