डाळिंबाच्या झाडातली रेघ

“पण मग ही रेघ येते कुठून, उस्ताद?”

हेमलताने कापड उस्तादांच्या कारखान्यातल्या टेबलावर आपटलंच म्हणायचं. स्वतःच्या हातांनी मंजिष्ठेत रंगवलेलं तांबूस सुती कापड, त्यावर जाळीतून छापलेली काळी कमळं. काम देखणं होतं. फक्त प्रत्येक कमळाच्या बरोबर मधून, कापडाच्या लांबीभर, बोटभर रुंदीची एक फिकट रेघ गेली होती.

दस्तगीर रंगारी ऐंशीच्या पुढचे. कोपरापर्यंत निळे झालेले हात त्यांनी धोतराला पुसले आणि कापड डोळ्यांजवळ नेलं.

“छापताना दिसली?”

“नाही. धुतल्यावर. गेले सात महिने प्रत्येक तागा असाच. जाळी बदलली, रंग बदलला, पाणीसुद्धा बदलून पाहिलं.”

अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. चुका दुसऱ्यांच्या वहीत शोधायची सवय काही पेन्शनबरोबर सुटत नाही.

“त्याआधी येत नव्हती?”

“कधीच नाही.”

“त्याआधी धुवायचं कोण?”

हेमलता खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर तारेवर नुसते रंगीत धागे वाळत होते.

“मालन,” ती म्हणाली.

मालन गोधड्या शिवायची. न धुतलेल्या कापडाला तिने आयुष्यात कात्री लावली नाही. कापड नंतर आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात, म्हणून आधी धुणं, मग कापणं. अकरा वर्षं हाच रिवाज होता. हेमलताने रंगवायचं, छापायचं आणि वाळलेला तागा मालनकडे टाकायचा. तिथून परत यायची ती शिवून तयार गोधडी.

“तिचं-तुझं बिनसलं म्हणे.”

“तिने माझं झाड कापलं, उस्ताद.”

ते झाड सगळ्या गावाने पाहिलं होतं. डाळिंबाचं, मुळापासून शेंड्यापर्यंत कापडाची पूर्ण रुंदी व्यापणारं. दोन महिने खपून काढलं होतं तिने. “अखंड शिव, एक टाकासुद्धा मध्ये नको,” असं बजावून दिलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर मालनने खोडातून आडवी कात्री चालवलेली.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हणाले... चिंध्या जोडणारीला झाड काय कळणार.”

“आणि ती?”

“काही नाही. कात्री खाली ठेवली. आत निघून गेली.”

त्या दिवसापासून हेमलताच्या घरात सकाळी दोन कप चहा होतो आणि एक कप मोरीत जातो. हाताला सवय, दुसरं काय. नवा रंग उतरला की तोंडातून “बघ गं” निघतं, आणि बघायला भिंत असते. एकटं वाटतं हे कबूल करायचं तरी कोणाजवळ? जिच्याजवळ करायचं, तिनेच तर दार लावून घेतलेलं. निदान हेमलताचा समज तसा होता. दार ढकलून पाहायला ती कधी गेली नव्हती.

“मालनचं घर इथनं किती लांब?” उस्तादांनी विचारलं.

“पाच मिनिटं. का?”

“उगीच...”

“उस्ताद, मी रेघेचं विचारायला आलेय. ती जाणार असेल तर सांगा. नाहीतर माझ्या सगळ्या जाळ्या इथे आणून टाकते. मला आता छापायचंच नाही.”

उस्ताद उठले. फडताळातून एक घडी काढून त्यांनी टेबलावर पसरली.

गोधडी होती. मधोमध तेच डाळिंबाचं झाड.

अखंड.

“तुमच्याकडे कशी ही?”

“ठेवून गेली. तिला दाखवू नका म्हणाली.”

“मग दाखवलीत का?”

“तू विचारायला आलीस म्हणून.”

हेमलताने चष्मा पुसून पुन्हा लावला. फांद्या जागच्या जागी, फळं जागच्या जागी. कापलेलं खोड शोधूनही सापडेना. शेवटी तिने डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं, तेव्हा खोडाच्या मध्यावर एक शिवण लागली. सालीच्या रेषांमधून धावदोरा असा नेलेला, की दिसू नये.

झाड बोटभर आखूड झालं होतं.



“म्हणजे... झाडातही रेघ होती?”

उस्तादांनी नुसतं त्या शिवणीवर बोट ठेवलं.

“अकरा वर्षं ती होतीच? प्रत्येक ताग्यात? आणि ही बाई कापून टाकत राहिली?” तिला संताप येत होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. “तोंड नव्हतं का तिला? मला सांगायचं ना!”

“तू ऐकलं असतंस?”



उस्तादांनी गोधडी बाजूला ठेवली. टेबलावर कोरं तांबूस कापड ताणलं, कोपऱ्यातली जाळीची मोठी चौकट आणून त्यावर टेकवली, जाळीवर रंग ओतला आणि रबराची पट्टी तिच्या हातात दिली.

“ओढ.”

तिने पट्टी सरळ रेषेत ओढली. मध्यापर्यंत छान आली. तिथे तिचा हात संपला. रोजच्यासारखी ती पट्टी तिथेच सोडून टेबलाला वळसा घालून जायला निघाली.

“सोडू नकोस.”

“मग पुढे कशी नेऊ? मी पलीकडे जाऊनच धरते. चार पावलं तर आहेत.”

“त्या चार पावलांत रंग काय करतो?”

हेमलताने जाळीकडे पाहिलं. पट्टीच्या कडेला रंगाचा बांध साचू लागला होता, अगदी बोटभर रुंद.

“थांबतो. जाड साचतो, आणि धुतला की तेवढाच सुटून जातो,” ती हळूच म्हणाली.

कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. नळ तेवढा ठिबकत होता. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे दुसऱ्या छापणाऱ्याने उभं राहायचं, तिथली जागा रिकामी होती.

“मालन म्हणाली होती मला,” हेमलता पट्टीकडे बघतच बोलली. “अगदी पहिल्या वर्षी. हेमे, मी धरते की पलीकडून.”

“मग?”

“मी म्हटलं, तुझा हात शिवणकामाचा. माझं काम बिघडवशील.”

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. वाकून वाकून पाठीला रग लागली होती.

“तुम्ही घ्या ना पलीकडून, उस्ताद. एवढा एकच ओढा.”

उस्तादांनी दोन्ही निळे हात पाठीमागे बांधले.

“घ्या ना...”

ते दारापाशी गेले. दार सताड उघडून एका बाजूला उभे राहिले.

“या हवेत जाळीतला रंग वाळायला दहा मिनिटं लागतात. जायला पाच, यायला पाच.”