केशरबाईची लवंगी

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या डोंगरात सायकल बघायला माणसं हातातलं काम टाकून वाटेवर येत, त्या काळची ही गोष्ट. धामणदऱ्याची केशर लांबच्या शहरात बाळंतपणाची विद्या शिकली आणि सायकलवर बसून गावी परतली. वाटेत तिनं मनाशी काय काय रंगवलं होतं! वेशीत बायाबापड्या जमतील, कुणी तुकडा ओवाळून टाकेल, कुणी अवघडलेली सून लाजत पुढं येऊन म्हणेल, बाई, माझं जरा बघा. वेशीत जमले ते चारदोन रिकामटेकडे, आणि त्यांनी बघितलं ते सायकलकडं.

"धोंडिबाची पोर दोन चाकांवर आली बघा," एक म्हणाला.

"पडली का नाही अजून?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

धोंडिबा तिचा बाप. कातड्याचं काम करायचा. गावातल्या एकूण एक बैलाच्या गळ्यात त्याच्या हातचा पट्टा होता. बैलांना त्याचा हात चालत होता. पण त्याच्या लेकीनं बाळंतिणीला हात लावायचा म्हटलं, की घरं आतून कड्या घालत. पोटातलं आडवं झालेलं मूल आडवंच राहून जाई, तरी कडी निघत नसे.

तिला बोलावलं ते घाटावरच्या लोकांनी. वर माळावर दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती. तिथं तिनं पहिलं बाळंतपण केलं. त्या लोकांकडं द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीचं पिल्लू तिच्या ओटीत घातलं. तांबूस रंगाचं, लांब तंगड्यांचं, भारी तिखट स्वभावाचं. केशरनं त्याचं नाव ठेवलं लवंगी.

घाट मोठा खडा. मागं अवजारांची पेटी बांधलेली असली की सायकल हलायची नाही. मग धोंडिबानं मऊ कातड्याचा एक छातीपट्टा शिवला, त्याच्या दोन वाद्या सायकलच्या दांड्याला बांधल्या, आणि वाढलेली लवंगी पुढं होऊन ओढायला लागली. असं म्हणतात, वस्तीवर कुणाला कळा सुरू झाल्या, की निरोप यायच्या आधीच लवंगी तो पट्टा दातांत धरून दारात उभी राही. असंही म्हणतात, की ती घाट चढू लागली की सायकलची चाकं जमिनीला टेकत नसत.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. "केशरबाई, पेरणीला द्या की तुमची लवंगी! पाभरीचं एक तास ओढून दे म्हणावं."

पोळा आला. बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, झुली चढवल्या. केशर लवंगीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून वेशीपाशी गेली. मानाचा बैल व्यंकटरावांचा. तिनं त्यांनाच विचारलं, "काका, हीसुद्धा वर्षभर ओढते. हिलाही एक पोळी द्याल?"

व्यंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला. "ओढणारं जनावर म्हणजे बैल. कुत्रं ते कुत्रं. ने तिला मागं."

केशर मागं गेली. माणसं आज ना उद्या समजून घेतील, असं तिला अजून वाटत होतं.

पुढच्या वर्षीचा पोळा. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं, बैल दाटीनं उभे होते, हलगी वाजत होती. तेवढ्यात वस्तीवरचा माणूस धावत आला. त्याची बायको गंगव्वा पहाटेपासून अडली होती. त्यानं गाडी मागितली. त्या दिवशी गाडी कोण जुंपणार? केशरनं लवंगीला पट्टा घातला आणि सायकल वेशीत आणली.

व्यंकटराव आडवे आले. "आज जू चढवायचं नाही. ओढणाऱ्या कुठल्याच जनावराला आज जुंपत नाहीत. गावाची रीत आहे."

"गेल्या वर्षी तर ते कुत्रं होतं, काका."

गर्दीतून दोघं पुढं झाले. दोघांनी लवंगीचा पट्टा सोडला आणि तिला वेशीच्या खांबाला बांधलं. "तू जा की," व्यंकटराव म्हणाले, "तुला कोण अडवतंय?"

गंगव्वाचा नवरा आधीच बायकोकडं पळाला होता; तो पट्टा खांद्यावर टाकून केशर एकटी निघाली. ढकलत, ठेचकाळत, पेटी सावरत. अर्धा घाट झाला आणि पावलं उचलेनात. तोच मागून धाप ऐकू आली. लवंगीनं दोर तोडला होता. गळ्याला दोराचं टोक लोंबत होतं आणि तोंडातून रक्त येत होतं. ती येऊन पट्ट्याखाली मान घालून उभी राहिली. असं म्हणतात, तेव्हा ती अशी धावली, की खालून बघणाऱ्यांना घाटात तांबडी वीज चढताना दिसली. शेवटच्या वळणावरच्या खडकात तिच्या पंजांचे ठसे अजून आहेत.

तरी उशीर झालाच. झोपडीच्या दारात म्हातारी सासू बसली होती. "आताच गेली, बाई. तुमच्या सायकलची घंटी ऐकली तेव्हा डोळे उघडले होते तिनं." आत पोर रडत होतं, मुलगी होती. लवंगी उंबऱ्यापाशी आडवी झाली, ती उठली नाही.

आज धामणदऱ्याच्या वेशीत लवंगीची समाधी आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे. पोळ्याला आधी एका कुत्र्याला माळ घालून तोरणाखालून नेतात, मग मानाचा बैल. लाउडस्पीकरवर लवंगीचा जयजयकार होतो. आणि गाडी त्या दिवशी अजूनही कुणी जुंपत नाही.

वर वस्तीवर मात्र पोळ्याच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एक गाडी जुंपून उभी ठेवतात, केशरबाईच्या नावानं. बैल आळीपाळीनं बदलतात. कुणाला न्यायचं नसलं तरी गाडी उभी असते. खालचे लोक त्याला पाप म्हणतात. ही रीत केशरबाईनं घातली. या रीतीचं बी पडलं ते त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

सकाळी गाव घाट चढून वर आलं. पुढं व्यंकटराव, हातात नारळ आणि हार. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "केशर, ती कुत्री नव्हती, दैवत होतं. समाधी वेशीतच बांधू."

केशरनं त्यांच्याकडं बघितलं. रात्रभर तिनं पोर मांडीवर धरलं होतं. "न्या की, काका. फक्त आत जी बाई गेली, तिचं नाव सांगा आणि न्या."

व्यंकटरावांनी मागं वळून बघितलं. मागच्यांनी एकमेकांकडं बघितलं. "दगडफोड्यांपैकी कुणीतरी..." एकजण पुटपुटला.

केशर वाकली. तिनं लवंगीच्या अंगावरचा पट्टा सोडवून घेतला, आणि त्यांनी लवंगीला उचललं.

सगळे उतरून गेले. धोंडिबा एकटा मागं राहिला होता. "चल, पोरी," तो म्हणाला.

"नाही, बाबा. माझी ट्रंक तेवढी वर आणून द्या. मी आता त्या वेशीतून आत येणार नाही. ज्याला मी हवी असेल, तो घाट चढेल." तिनं पट्टा झोपडीच्या मेढीला टांगला आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आणि हिचं नाव गंगव्वा. ते त्यांना घ्यावं लागेल."

खालून हलगीचा आवाज आला. लवंगीची मिरवणूक वेशीपाशी पोचली होती.